झाकणांचा खेळ

दुधाचा टँकर चालवणारा त्यांना वन्सं म्हणतो. तो त्यांचा कोणीही लागत नाही. जनावरांचा डॉक्टरही वन्संच म्हणतो, आणि तो तर त्यांच्यापेक्षा वयानं मोठा आहे. नवऱ्याच्या बहिणीला हाक मारायचा हा शब्द. तो वापरायचा हक्क जगात एकाच बाईला होता, त्यांच्या वहिनीला. पण वहिनींचा आवाज दणदणीत. गोठ्यातून त्यांनी ‘वन्सं!’ अशी हाक घातली की ती थेट डांबरी रस्त्याला लागते. वर्षानुवर्षं ती हाक ऐकून आजूबाजूच्या सगळ्यांनीच ती उचलली. आता खरं नाव विचारलं तर वन्संना स्वतःलाच क्षणभर थांबावं लागतं.

वन्सं उंच आहेत. साठी कधीच ओलांडली. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डोक्याला रुमाल, आणि हात असे की बिघडलेल्या नळानंही त्यांना बघून सरळ व्हावं. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणतात, “संध्याकाळची धार कोण काढणार होतं?” विषय संपला. भाऊ होता तोवर भावाबरोबर आणि भाऊ गेल्यावर वहिनींबरोबर त्यांनी शेत चालवलं. शेत म्हणजे मुख्यतः गवत, आणि गवत म्हणजे गायी. तारा ओढून पाडलेले कुरणाचे तुकडे, मधून वाहणारा ओढा, पत्र्याचा लांब गोठा, सकाळी रुसणारा ट्रॅक्टर, आणि एकमेकींना दिवसभर टोमणे मारणाऱ्या दोन बायका.

वन्संचा नियम एकच. गायींना वेळेवर खायला घालायचं. आधी नाही, नंतर नाही. गव्हाणीकडे जायच्या लोखंडी फाटकाला जाड साखळी आहे. वन्सं ती काढतात आणि खांबावर सोडून देतात. खळ्ळकन आवाज होतो. त्या आवाजावर गायी येतात. पुढे मास्तरीण. या गायीच्या डोळ्यांभोवती काळे गोल आहेत, आणि चालही अशी की आता कोणाची तरी वही तपासणार. बाकीच्या तिच्या मागे रांगेत. घरात पाहुणे असोत की आजारपण, साखळी वेळेवर वाजते. भाऊ गेला त्या दिवशीही वाजली. त्या दिवशी वन्संनी ती फक्त हळू सोडली.

भाऊ गेला तेव्हा भाची शहरातून आली. वहिनींची एकुलती एक मुलगी. शहरात ती एका कचेरीत बसून बाटल्यांची लेबलं तयार करायची. आठवड्यासाठी आली आणि राहिली. सकाळी चहाचा कप घेऊन पायरीवर बसायची आणि धुकं उठताना बघायची. पण गोठ्यात तिचं काही जमेना. माणसाला बघून गाय बाजूला होते. इथे गायीला बघून भाची बाजूला व्हायची.

एकदा जेवताना ती म्हणाली, “मला इथे आवडतं. पण तुमच्या दोघींची मदतनीस म्हणून मी आयुष्य काढणार नाही. माझं स्वतःचं काही इथे उभं राहिलं तर राहीन.”

“उभं राहायला काय,” वहिनी म्हणाल्या, “गोठ्यात भरपूर जागा आहे.”

“आई, मी गंभीरपणे बोलतेय.”

वन्सं ताटाकडे बघत जेवत राहिल्या. भाची राहायला हवी होती. इतकी हवी होती की त्याबद्दल बोलायची त्यांना भीती वाटायची. नुकतं जन्मलेलं वासरू पायांवर उभं राहू बघत असतं तेव्हा त्याच्याकडे टक लावून बघू नये, असं त्या मानतात. बिचकतं आणि बसतं. म्हणून त्या भाचीकडे बघायच्या नाहीत. भाजीकडे बघायच्या.

थोड्या दिवसांनी भाचीनं एक पुठ्ठ्याचं खोकं मागवलं. त्यात रंगीत चकत्या होत्या. प्लॅस्टिकच्या, ताटलीएवढ्या, कडेला जाड.

“झाकणं कशाला आणलीस?” वन्संनी विचारलं.

“झाकणं नाहीत आत्या. डिस्क आहेत.”

“कसली झाकणं म्हणालीस?”

“डिस्क!”

“बरं. बरण्या मागून येणार का?”

भाचीनं त्यांना बाकावर बसवून समजावलं. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची. जिथे पडेल तिथून पुढची फेकायची. असं करत करत लांबवरच्या टोपलीपर्यंत पोचायचं. ज्याला कमीत कमी फेकींत जमेल तो जिंकला. मग पुढची टोपली. असे मैदानभर नऊ टप्पे. शहरातले लोक यासाठी गाड्या काढून लांब लांब जातात. आपल्याकडे ओढा आहे, चढ आहे, झाडं आहेत. गायी चरतील, लोक खेळतील.

“म्हणजे माणसं झाकण फेकणार,” वन्सं म्हणाल्या, “मग चालत जाऊन तेच झाकण उचलणार?”

“हो.”

“मग आधीच टोपलीत नेऊन का नाही ठेवत?”

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं.

पण टोपल्यांचा विषय निघाला तेव्हा वन्संच पुढे झाल्या. टोपली म्हणजे एक लोखंडी खांब, त्यावर जाळीचा हौदा, आणि हौद्यावर गोलाकार लोंबणाऱ्या साखळ्या. डिस्क साखळ्यांवर आदळते आणि हौद्यात पडते. तयार टोपल्या मागवायच्या होत्या. वन्संनी हात झटकला. गोठ्यामागे साखळ्यांचा ढीग पडला होता. पूर्वी गायी दावणीला बांधायचे तेव्हाच्या त्या साखळ्या. गव्हाणीच्या फाटकाचीही त्याच ढिगातली. “घरात असताना बाहेरून कशाला?” असं म्हणून त्यांनी वेल्डरला बोलावलं आणि त्याच्या डोक्यावर उभं राहून नऊ टोपल्या करून घेतल्या. त्या आठवड्यात वन्सं उगाचच गाणं गुणगुणताना दिसल्या. वहिनींनी विचारलं तर म्हणाल्या, “घसा साफ करतेय.”

टोपल्या उभ्या राहिल्या. पहिली डिस्क भाचीनं फेकली. हिरव्या गवतावरून ती पिवळी चकती तरंगत गेली आणि बरोबर साखळ्यांवर बसली.

खळ्ळकन आवाज झाला.

कुरणातल्या सगळ्या माना एकदम वर आल्या. मास्तरीण निघाली. तिच्यामागे बाकीच्या. भाची आधी हसली, मग थबकली, मग धावली. गायी तिच्यामागे लागल्या नव्हत्याच. त्या टोपलीभोवती गोल उभ्या राहिल्या आणि आत डोकावल्या. मास्तरणीनं डिस्क हुंगली, आणि काहीतरी चुकलंय अशा नजरेनं वन्संकडे पाहिलं.

“आत्या,” भाची झाडामागून म्हणाली, “साखळ्या कुठल्या म्हणालीस?”

बरेच उपाय झाले. साखळ्यांना चिंध्या गुंडाळल्या, तर डिस्क धप्पकन आदळून बाहेर पडायला लागल्या. गायींना दिवसभर गोठ्यात ठेवू, असं भाचीनं सुचवलं. वन्संनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं ते वाक्य परत घेतलं. शेवटी तोडगा निघाला. गायी रोज कुरणाच्या एका तुकड्यात चरतात आणि त्या तुकड्याला विजेची तार असते. तारेला हलका शॉक असतो, जिवाला धोका नाही, पण गाय एकदा शिकते आणि पुन्हा नाक लावत नाही. आवाज आला तर गायी तारेपर्यंत येतील आणि आशाळभूतपणे उभ्या राहतील. ज्या तुकड्यात त्या दिवशी गायी, त्यातल्या टोपल्या त्या दिवशी बंद.

एवढ्यावर लोक यायला लागले. रविवारी चार गाड्या, कधी सहा. मुलं, कुत्री, आजोबा. भाची उन्हात रापली. फोनवर ‘आमचं मैदान’ म्हणायला लागली. वन्संनी ते दारामागून ऐकलं आणि आवाज न करता परत फिरल्या.

त्या स्वतः कधी कोणासमोर खेळल्या नाहीत. पण दुपारी गोठ्यामागे कोणी नसताना त्या एक निळी डिस्क फेकायच्या. त्यांची एकच पद्धत होती. खाली वाकून, कडेवर, जमिनीलगत. डिस्क चाकासारखी पळत जायची. भाचीनं एकदा पाहिलं.

“आत्या, ती हवेतून जायला हवी.”

“पोचली ना?”

“पोचली.”

“मग तिला कसं जायचंय ते तिचं तिला ठरवू दे.”

मग एक दिवस भाची फोन कानाला लावून अंगणात नाचली. एक मोठी स्पर्धा होती, दरवर्षी नव्या मैदानावर व्हायची. तिचे एक पंच मैदान बघायला येणार होते. त्यांना आवडलं तर पुढच्या वर्षीची स्पर्धा इथे.

रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, “ही मिळाली तर माझं इथे काहीतरी आहे असं मी समजेन. नाही मिळाली, तर जुन्या कचेरीत परत घेतायत मला. जाईन. किती दिवस स्वतःला फसवायचं?”

वन्संनी या वेळी ताटाकडेही बघितलं नाही. उठून हात धुतले.

पंच आले ते पांढरे बूट घालून. मनुष्य सभ्य होता. हातात कागद लावलेली एक पाटी होती, तिच्यावर तो सारखं काहीतरी लिहायचा. वन्संनी त्या दिवशी गायी ओढ्यापलीकडच्या तुकड्यात सोडल्या होत्या, जिथे एकही टोपली नव्हती. तिथलं गवत अजून पुरतं वाढलं नव्हतं. एरवी त्यांनी तिथे गायीचं शेपूटसुद्धा जाऊ दिलं नसतं. भाचीनं ते पाहिलं. त्यांचा दंड दाबला.

पहिल्या चार टोपल्या झकास झाल्या. पंच खूश. चढावर उभे राहून ते म्हणाले, “इथून दिसणारं दृश्य तर फारच सुंदर आहे.” वन्सं आणि वहिनी कुंपणाशी उभ्या होत्या.

“दृश्य म्हणतायत आपल्या गोठ्याला,” वहिनी कुजबुजल्या.

“गप्प बस गं.”

पाचवी टोपली ओढ्याकाठी होती. पंचांनी नेम धरून डिस्क फेकली. साखळ्या खणाणल्या. पलीकडे माना वर आल्या. मास्तरीण तारेपर्यंत आली. वन्सं निवांत होत्या. आता ती थांबणार.

मास्तरणीनं तारेला नाक लावलं. क्षणभर विचार केला. मग तार छातीनं लोटून सरळ चालायला लागली.

“वहिनी,” वन्सं हळूच म्हणाल्या, “तारेतला करंट कुठे गेला?”

“बंद केला मी.”

“का?”

“का म्हणजे? पाहुणा माणूस. त्याला शॉक बसला असता मग?”

तोवर अख्खा कळप ओढ्यात उतरला होता. पाणी उडवत, चिखल तुडवत गायी वर आल्या आणि टोपलीला वेढा घालून उभ्या राहिल्या. पंच आत अडकले. त्यांनी पाटी छातीशी धरली. तरीही माणूस खेळाचा पक्का. त्यांनी विचारलं, “आता यांना कसं हलवायचं?” त्यावर एका गायीनं त्यांच्या बाहीचं टोक तोंडात घेतलं. भाचीनं हात उडवले, हाका मारल्या. डिस्क फेकली, ती एका गायीच्या पाठीवर जाऊन बसली आणि तिथेच राहिली. पंच म्हणाले, “नियमाप्रमाणे डिस्क जिथे थांबेल तिथून पुढची फेक. पण ही थांबलीय की चाललीय?” भाचीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

वन्संनी सूर्याकडे पाहिलं. खायला घालायची वेळ व्हायला दुपार उलटायला हवी होती. मग त्यांनी बूट आपटत गोठ्याकडे धाव घेतली. वहिनी बघतच राहिल्या. वन्सं धावताना त्यांनी पाहिल्या होत्या, पण फाटकाकडे, आणि भलत्या वेळी? कधीच नाही.

साखळी खांबावर आदळली. सगळ्या गायींनी एकाच वेळी तोंडं वळवली. खऱ्या फाटकाचा आवाज तो. टोपलीपुढे बावळटासारखं उभं राहिल्याची लाज वाटल्यागत त्या लगबगीनं निघाल्या. वन्सं गव्हाणीत चारा टाकत होत्या आणि मास्तरणीची नजर चुकवत होत्या. मास्तरीण खात होती, पण संशयानं.

पंचांनी उरलेल्या चारही टोपल्या खेळून पूर्ण केल्या. अंगणात चहा घेतला. बाही ओली होती, तरी हसत होते. मग त्यांनी विचारलं, “हे नेहमी होतं का?”

भाची काही बोलायच्या आत वन्संनी सांगितलं, “तार चालू असली तर नाही होत. पण वाजलं की गायी येणारच. त्यांना तसंच शिकवलंय.”

“मैदान छान आहे,” पंच म्हणाले. “खरंच. मी मुलांना घेऊन येईन. पण स्पर्धेला शेकडो लोक असतात. कोणीतरी तार ओलांडणार, कोणीतरी फाटक उघडं टाकणार. गायींना कोण सांभाळणार आणि खेळाडूंना कोण? मला नाही म्हणावं लागेल. वाईट वाटतंय.”

“नका वाटून घेऊ,” भाची म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. गाडीपर्यंत सोडायला गेली, हात हलवला. मग आत जाऊन तिनं कपाटावरची बॅग खाली काढली.

वहिनी ओट्याशी उभ्या राहून तोच कप पुन्हा पुन्हा विसळत होत्या. “मीच बंद केला ना करंट,” त्या म्हणाल्या. “मला कोणी शहाणपणा करायला सांगितला होता?”

“साखळ्या माझ्या,” वन्सं म्हणाल्या. “अर्धी चूक माझी.”

“अर्धीच?”

“बरं, पाऊण. पण कप ठेव आता खाली. झिजला तो.”

संध्याकाळची धार झाली. गायी गोठ्यात बसल्या, बाहेर अजून उजेड होता. वन्संनी बूट धुतले, निळी डिस्क घेतली आणि भाचीच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. भाची पलंगावर कपड्यांच्या घड्या करत होती.

“एक डाव खेळ माझ्याशी.”

“आत्या, आत्ता नको गं.”

“पैजेवर. मी जिंकले तर तू राहायचं.”

भाचीला हसू आलं. “तू? जिंकणार? आणि हरलीस तर?”

“तर मी तुझ्याबरोबर येणार.”

“कुठे?”

“शहरात. राहायला.”

घडी घालता घालता भाचीचा हात थांबला. “आत्या, माझी खोली एवढीशी आहे. एकच पलंग.”

“मी उभ्यानं झोपेन.”

“गायींसारखी?”

“गायी उभ्यानं झोपत नाहीत. घोडे झोपतात. वर्ष झालं इथे राहतेस.”

“आणि पहाटे उठून काय करशील तिथे?”

“तुला उठवीन.”

भाचीनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. थट्टेची खूण कुठेच नव्हती. वन्संनाही ते बोलल्यावरच कळलं होतं. आधी ठरवून काही आल्या नव्हत्या. पण तोंडातून निघालं ते खरं होतं. ही जाणार असेल तर तिच्याबरोबर जायचं. त्यात अवघड काय? अवघड काय, असं त्यांनी स्वतःला पुन्हा एकदा विचारलं आणि उत्तर यायच्या आत चालायला लागल्या.

पहिल्या टोपलीला वन्संची डिस्क जमिनीवरून सुसाट गेली, दगडाला लागून उडाली आणि टोपलीच्या पायाशी पडली. भाचीनं भुवया उंचावल्या. दुसऱ्या टोपलीला तीच डिस्क ताज्या शेणात जाऊन बसली. वन्संनी ती गवताला पुसली आणि म्हणाल्या, “घरचंच आहे.” तिसऱ्या आणि चौथ्या टोपलीला भाची पुढे गेली. पाचवीला, ओढ्याकाठी, आणखी पुढे. तिची डिस्क हातातून सुटताना आवाजसुद्धा होत नव्हता. वन्सं बघत राहिल्या. इतक्या दिवसांत त्यांनी हिला खेळताना कधी धड पाहिलंच नव्हतं. बिचकेल म्हणून. पोरगी खरोखर चांगली होती.

सहाव्या टोपलीपाशी भाची टोपलीच्या अगदी जवळ होती. तिथून चुकणं अवघड. तिची डिस्क हातभर बाजूनं गेली. मग पुन्हा गेली. सातवीला तिनं चक्क झुडपात फेकली.

वन्सं थांबल्या. “हे काय चाललंय?”

“काय?”

“मुद्दाम चुकतेयस.”

“वारा आला.”

“वारा! पान हलत नाहीये.” वन्संना मनापासून राग आला. काम अर्धवट केलेलं त्यांना कधीच खपलं नाही, मग ते हरण्याचं का असेना. “मला भीक नकोय. खेळायचं तर नीट खेळ.”

“नीट खेळले तर तू हरशील!”

“मग हरेन.”

“आणि मग?”

“मग बॅग भरीन. तू तुझं बघ.”

भाचीनं झुडपातून डिस्क काढली, ओठ आवळले आणि ती खेळली. अगदी नीट. वन्संनीही सोडलं नाही. आठव्या टोपलीला त्यांची डिस्क चढावरून घरंगळत, झाडाच्या मुळांना वळसा घालून अशी काही गेली की भाचीच्या तोंडून ‘अरे वा’ निघालं. नवव्या टोपलीपाशी दोघी बरोबरीत होत्या. वन्संना तिथे एक फेक जास्त लागली.

एका फेकीच्या फरकानं भाची जिंकली. जिंकल्यावर माणसानं करावं असं तिनं काहीच केलं नाही. टोपलीतून डिस्क काढली आणि तिथेच गवतावर बसली.

“छान खेळतेस तू,” वन्सं म्हणाल्या, आणि बॅग शोधायला घरी गेल्या.

टँकर सकाळी दूध भरून तालुक्याच्या स्टेशनावरूनच पुढे जातो. भाची त्यानंच जाणार होती. बॅग ओढत ती अंगणात आली तेव्हा वन्सं टँकरच्या पुढच्या सीटवर आधीच बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, डोक्याला धुतलेला रुमाल.

“वन्सं, उतरा खाली,” वहिनी खिडकीपाशी उभ्या राहून सांगत होत्या. “शोभतं का हे?”

“पैज हरलेय मी.”

“आणि गोठा? मी एकटीनं बघू?”

“धार काढायला यंत्रं आहेत की.”

“यंत्राशी भांडू का मी दिवसभर?”

“जमेल तुला. कपाशीसुद्धा भांडतेस.” वन्संनी मान वळवली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना बघायचं नव्हतं.

टँकरवाला कोणाकडे बघावं ते न कळून आरशात स्वतःकडे बघत होता. भाची मुकाट्यानं चढली आणि वन्संच्या शेजारी बसली. दार लागलं. टँकर हलला.

वन्संनी पिशवी घट्ट धरली. गोठा मागे गेला. ओढ्यावरचा पूल मागे गेला. आपण वळून बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. भाची खिडकीबाहेर बघत होती. म्हणजे जायचंच. बरं. एवढीशी खोली. एक पलंग. पहाटे उठून खिडकीतून काय दिसेल? दुसरी खिडकी दिसेल. चालेल. ही तर असेल ना.

टँकर चढाला लागला.

“थांबवा,” भाची म्हणाली.

“आता? चढावर?” टँकरवाला म्हणाला.

“थांबवा म्हटलं ना.”

ब्रेक किंचाळले. भाची वन्संकडे वळली. नाक लाल झालं होतं. “तू खरंच आली असतीस?”

“आलेय ना.”

“मला वाटलं, मी टँकरमध्ये चढले की तू उतरशील. मग वाटलं, पुलापाशी उतरशील.”

“पैज तुझ्याशी लावली होती, पुलाशी नाही.”

भाची हसली आणि त्याच वेळी रडली. दोन्हींची सरमिसळ झाली. “मी नाही जात.”

“माझ्यासाठी राहू नकोस हं,” वन्सं म्हणाल्या. “मला चालेल शहर. मी जमवून घेईन.”

“तुझ्यासाठी नाही. काल शेवटच्या टोपलीला मला जिंकायचं होतं. आणि जिंकल्यावर असं वाटलं की आता हे सगळं माझ्या हातून गेलं. माझंच होतं म्हणून तर गेलं ना? स्पर्धा नाही तर नाही. रविवारी चार गाड्या येतात. त्यांच्यासाठी राहीन. ते नऊ खांब मी स्वतः रोवलेत.”

“साखळ्या माझ्या.”

“आत्या!”

“बरं, तुझ्या.”

दोघी उतरल्या. टँकरवाल्यानं वन्संची पिशवी खाली दिली, “बरं झालं वन्सं, रोज तुमची बोलणी खाल्ल्याशिवाय मला पण करमत नाही,” असं म्हणाला आणि गिअर टाकून निघून गेला. रस्ता शांत झाला. भाचीनं एका हातात आपली बॅग घेतली आणि दुसऱ्या हातानं पिशवी उचलली. पिशवी भलतीच जड होती.

“काय भरलंयस यात?”

“बूट.”

“शहरात बूट?”

“पाय तिथेही असतात माणसाला.”

उतारावरून चालताना खाली शेत दिसत होतं. अंगणात वहिनी अजून तशाच उभ्या होत्या, कपाळावर आडवा हात धरून. आधी त्यांना काही कळलं नसावं. मग कळलं, कारण त्या हात खाली घेऊन घाईघाईनं घरात गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या, आणि पुन्हा आत गेल्या.

वन्सं म्हणाल्या, “काल सहावीला आणि सातवीला तू मुद्दाम चुकलीस. त्या फेकी धरायच्या नाहीत. म्हणजे मी अजून जास्त हरले. हिशेब साफ नाही. पुन्हा खेळायला हवं.”

“आता कशावर?”

“सकाळची धार काढायला तू शिकतेस की नाही, यावर.”

भाची रस्त्याच्या मधोमध थांबली. दोन्ही ओझी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अगदी तिच्या आईसारखी.

“बरं,” वन्सं म्हणाल्या आणि पिशवी स्वतःच उचलली. “संध्याकाळची.”